पदवी केंद्राची, ठाणे राज्याचे

गुन्हेगारी न्यायव्यवस्थेचा चेहरामोहरा बदलण्याचा दावा करीत केंद्र सरकारने आणलेले तीन फौजदारी कायदे १ जुलै २०२४ पासून देशभर लागू झाले. त्यांच्या नावांवरून, राजद्रोहाच्या कलमाच्या नव्या रूपावरून आणि पोलीस कोठडीच्या तरतुदींवरून राजधानीत भरपूर वादंग झाले. मात्र भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६ मधील तिसऱ्या पोटकलमाकडे राजकीय वर्तुळाचे फारसे लक्ष गेले नाही. सात वर्षे वा त्याहून अधिक शिक्षेस पात्र असलेल्या प्रत्येक गुन्ह्यात फॉरेन्सिक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करावा आणि त्या प्रक्रियेचे चित्रीकरण व्हावे, अशी व्यवस्था करण्याची जबाबदारी हे पोटकलम पोलीस ठाण्याच्या प्रमुखावर टाकते. अंमल कोणत्या तारखेपासून करायचा, हे राज्य सरकारांनी पाच वर्षांच्या आत अधिसूचनेद्वारे ठरवावयाचे आहे. ही मुदत २०२९ च्या मध्याला संपते.

वरकरणी साध्या वाटणाऱ्या या तरतुदीचा आवाका फार मोठा आहे. खून, बलात्कार, दरोडा एवढेच गुन्हे तिच्या कक्षेत येतात असे नव्हे. राहत्या घरातील चोरीलाही भारतीय न्याय संहितेत सात वर्षांपर्यंत शिक्षा सांगितली आहे. म्हणजे महानगरातील सदनिकेत झालेल्या चोरीपासून तालुक्याच्या गावातील खुनापर्यंत प्रत्येक ठिकाणी शास्त्रशुद्ध पुरावा गोळा करणारा प्रशिक्षित माणूस वेळेत पोहोचला पाहिजे. देशभरातील ठाण्यांचा विचार करता अशी माणसे हजारोंच्या संख्येने लागतील. ती येणार कोठून, या प्रश्नाला केंद्राने दिलेले उत्तर म्हणजे विद्यार्थ्यांचे प्रशिक्षण. या उत्तराचा अर्धा भाग जोमाने अमलात येतो आहे. उरलेल्या अर्ध्याची जबाबदारी मात्र कोणीच स्वीकारलेली दिसत नाही.

गांधीनगर ते दिल्ली

गुन्हेशास्त्र आणि न्यायसहायक विज्ञान हा विषय भारतीय विद्यापीठांना नवा नाही. मध्य प्रदेशातील सागर विद्यापीठात त्याचा स्वतंत्र विभाग १९५९ पासून आहे. बोटांच्या ठशांचे जगातील पहिले कार्यालय १८९७ मध्ये कोलकात्यात सुरू झाले आणि ठशांच्या वर्गीकरणाची पद्धत बसविण्यात अझीझुल हक व हेमचंद्र बोस या दोन भारतीय अधिकाऱ्यांचा मोठा वाटा होता. तरीही स्वातंत्र्यानंतरची कित्येक दशके हा विषय प्रयोगशाळेतील रसायनतज्ज्ञांपुरता मर्यादित राहिला. महाराष्ट्रातील पोलीस आजही प्रयोगशाळेच्या अहवालाला ‘सी. ए. रिपोर्ट’, म्हणजे रासायनिक विश्लेषकाचा अहवाल म्हणतात. तज्ज्ञाने घटनास्थळी जायचे नसते, मुद्देमाल त्याच्याकडे पाठवायचा असतो, हीच रूढ समजूत या शब्दप्रयोगामागे आहे.

चित्र बदलले ते गुजरातमुळे. नरेंद्र मोदी मुख्यमंत्री आणि अमित शहा गृहराज्यमंत्री असताना त्या राज्याने गांधीनगरला केवळ न्यायसहायक विज्ञानासाठी विद्यापीठ उभारले. ते २००९ मध्ये सुरू झाले. पुढे दोघेही दिल्लीत आले आणि विद्यापीठाचा दर्जाही वाढला. सप्टेंबर २०२० मध्ये संसदेने केलेल्या कायद्याने गुजरातचे विद्यापीठ आणि दिल्लीतील लोकनायक जयप्रकाश नारायण गुन्हेशास्त्र व न्यायसहायक विज्ञान संस्था यांचे विलीनीकरण होऊन राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठ अस्तित्वात आले. त्याला राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थेचा दर्जा देण्यात आला. पोलीस प्रशासन व सुरक्षा या विषयांसाठी राष्ट्रीय रक्षा विद्यापीठाचा कायदाही त्याच सुमारास झाला. गोवा, भोपाळ, गुवाहाटी, धारवाड, आगरतळा, इंफाळ असा न्यायसहायक विज्ञान विद्यापीठाचा विस्तार होत गेला. नागपूरजवळ चिंचोली येथे त्याच्या कायमस्वरूपी संकुलाची पायाभरणी मे २०२५ मध्ये झाली. त्याआधी १९ जून २०२४ रोजी, म्हणजे नवे कायदे लागू होण्याच्या जेमतेम पंधरवडाभर आधी, केंद्रीय मंत्रिमंडळाने नव्या संकुलांसाठी आणि केंद्रीय प्रयोगशाळांसाठी २,२५४.४३ कोटी रुपयांची योजना मंजूर केली होती. तिचा कालावधी २०२८-२९ पर्यंत आहे. संहितेने दिलेली पाच वर्षांची मुदत आणि योजनेचा कालावधी यांची सांगड जाणीवपूर्वक घातलेली आहे, यात शंका नाही.

या साऱ्या आखणीमागे दूरदृष्टी आहे, हे विरोधकांनाही मान्य करावे लागेल. न्यायव्यवस्थेच्या सुधारणांसाठी नेमलेल्या न्या. मळीमठ समितीने २००३ मध्येच तपासात विज्ञानाचा वापर वाढविण्याचा आग्रह धरला होता. तो अहवाल वर्षानुवर्षे धूळ खात पडला होता. शहा यांनी ऑगस्ट २०२२ मध्ये दिल्ली पोलिसांना सहा वर्षांहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत फॉरेन्सिक तपास अनिवार्य करण्यास सांगितले, तेव्हा नव्या संहितेची रंगीत तालीमच राजधानीत सुरू झाली होती.

वर्गातील खोली आणि घटनास्थळ

या अभ्यासक्रमांत विद्यार्थ्यांना शिकविले जाते ते असे. एक खोली घटनास्थळासारखी मांडली जाते. आत पाऊल टाकण्यापूर्वी ये-जा करण्याचा एकच मार्ग निश्चित करायचा. कोण आले, केव्हा आले, कशासाठी आले याची नोंद दारातच ठेवायची. कोणत्याही वस्तूला हात लावण्याआधी तिची छायाचित्रे घ्यायची, तीही शेजारी मोजपट्टी ठेवून. मोजमापांसह कच्चा नकाशा काढायचा. खोलीचे चौकोन पाडून क्रमाने शोध घ्यायचा. रक्ताने भिजलेले कापड प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबायचे नाही, कारण ओलाव्याने नमुना कुजतो. ते सावलीत वाळवून कागदी पाकिटात ठेवायचे. प्रत्येक नमुन्यासाठी हातमोजे बदलायचे. पाकिटावर क्रमांक, वेळ, ठिकाण आणि सही हवी. ते पाकीट पुढे ज्याच्या ज्याच्या हातात जाईल, त्याचीही नोंद हवी. दोन वस्तूंचा स्पर्श झाला की एकीचे काही ना काही दुसरीवर राहते, हे फ्रान्सच्या लिऑन शहरातील एडमंड लोकार्ड यांचे सूत्र या साऱ्या शिक्षणाचा पाया आहे. गुन्हेगार घटनास्थळी काहीतरी सोडून जातो, हा त्याचा सर्वपरिचित अर्थ. नंतर तेथे येणारा प्रत्येक जण, पोलिसासह, काहीतरी सोडतो आणि काहीतरी घेऊन जातो, हा त्याचा दुसरा आणि तितकाच महत्त्वाचा अर्थ.

दिल्लीच्या उंबरठ्यावर, नोएडाच्या जलवायु विहार वसाहतीत मे २००८ मध्ये झालेल्या दुहेरी हत्याकांडाने हा दुसरा अर्थ देशाला शिकविला. पहिला मृतदेह सापडल्यानंतर त्या घरात शेजारीपाजारी, नातलग, पोलीस आणि वृत्तवाहिन्यांची माणसे यांची अनिर्बंध ये-जा झाली. दुसरा मृतदेह त्याच इमारतीच्या गच्चीवर दुसऱ्या दिवशी सापडला. पुढे तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला. उशीच्या दोन अभ्र्यांच्या वर्णनाची अहवालात अदलाबदल झाल्याचा खुलासा प्रयोगशाळेला नंतर करावा लागला. सत्र न्यायालयाने २०१३ मध्ये दिलेली जन्मठेप अलाहाबाद उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१७ मध्ये रद्द केली. पहिल्या दिवशी दारात एक शिपाई नोंदवही घेऊन उभा असता, तर पुढच्या साडेनऊ वर्षांचा इतिहास कदाचित निराळा झाला असता.

आणि हा केवळ जुना इतिहास नाही. तमिळनाडूच्या तेनी जिल्ह्यात २०११ मध्ये घडलेल्या दुहेरी खुनाच्या खटल्यात फाशीची शिक्षा झालेल्या आरोपीला सर्वोच्च न्यायालयाने १५ जुलै २०२५ रोजी निर्दोष सोडले. डीएनए नमुन्यांच्या हाताळणीतील ढिसाळपणा हे त्यामागचे एक प्रमुख कारण होते. याच निकालात न्यायालयाने देशातील सर्व पोलीस दलांसाठी सूचना घालून दिल्या. नमुना ४८ तासांत प्रयोगशाळेत पोहोचला पाहिजे. विलंब झाल्यास त्याचे कारण केस डायरीत नोंदवावे. विचारण न्यायालयाच्या परवानगीशिवाय सीलबंद पाकीट उघडू नये. आणि नमुना कोणाकडून कोणाकडे गेला याची नोंदवही निकाल लागेपर्यंत ठेवावी. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला वर्गात शिकविल्या जाणाऱ्या या गोष्टी पोलीस महासंचालकांना सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये सांगाव्या लागल्या. शास्त्र विद्यापीठात पोहोचले आहे, ठाण्यात पोहोचलेले नाही, याचा यापेक्षा ठळक पुरावा शोधण्याची गरज नाही.

तीन सूच्यांचा तिढा

मग विद्यापीठातून बाहेर पडणारा पदवीधर ठाण्यापर्यंत का पोहोचत नाही? याचे उत्तर राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत आहे. फौजदारी प्रक्रिया समवर्ती सूचीत आहे, म्हणून संसद कलम १७६ घडवू शकली. पोलीस अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणासह व्यावसायिक व तांत्रिक शिक्षणाच्या आणि गुन्हे तपासातील वैज्ञानिक साहाय्याच्या केंद्रीय संस्था संघ सूचीच्या ६५ व्या नोंदीत आहेत, म्हणून केंद्र विद्यापीठे उघडू शकते. पोलीस मात्र राज्य सूचीत आहेत. तज्ज्ञाचे पद निर्माण करणे, भरती करणे, पगार देणे, वाहन देणे आणि त्याला रात्री दोन वाजता घटनास्थळी पाठविणे हे सारे राज्यांच्या तिजोरीतून आणि राज्यांच्या इच्छेने व्हायचे आहे. कायदा संसदेचा, पदवी केंद्राची आणि ठाणे राज्याचे, अशी ही विभागणी आहे. एखाद्या घटनास्थळी तज्ज्ञ वेळेत पोहोचला नाही, तर या तिघांपैकी उत्तरदायी कोण, हे कोठेही लिहिलेले नाही.

राज्यांच्या प्रयोगशाळांची स्थिती या दृष्टीने बोलकी आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठातील ‘प्रोजेक्ट ३९ ए’ या गटाने केलेल्या पाहणीत देशातील न्यायसहायक प्रयोगशाळांमधील मंजूर पदांपैकी सुमारे ४० टक्के पदे रिक्त आढळली होती. ती पाहणी २०१३ ते २०१७ या काळातील होती, म्हणजे नव्या संहितेने कामाचा डोंगर उभा करण्यापूर्वीची. विषयाचे पदवीधर मिळत नाहीत म्हणून पदे रिकामी राहतात, असा युक्तिवाद पूर्वी केला जाई. विद्यापीठांच्या विस्तारानंतर तो टिकत नाही. राज्ये नियमित पदे भरण्याऐवजी कंत्राटी नेमणुकांवर वेळ मारून नेतात, हे अनेक ठिकाणचे वास्तव आहे. अकरा महिन्यांच्या कंत्राटावर नेमलेला तज्ज्ञ आठ वर्षांनी खटला उभा राहील तेव्हा साक्षीसाठी कोठून शोधून आणायचा, याचा विचार भरतीच्या फाईलवर टिप्पणी लिहिताना कोणी करीत नाही.

आणखी एक उणीव खुद्द कायद्यात आहे. कलम १७६ फॉरेन्सिक तज्ज्ञाला घटनास्थळी पाठवते. पण संहितेच्या व्याख्यांमध्ये ‘फॉरेन्सिक तज्ज्ञ’ म्हणजे कोण, हे सांगितलेले नाही. कोणती पदवी, किती अनुभव, कोणाचे प्रमाणपत्र, याविषयी संहिता मौन पाळते. कलम ३२९ मध्ये ज्यांचा अहवाल न्यायालयात पुरावा म्हणून वापरता येतो, अशा शासकीय वैज्ञानिक तज्ज्ञांची यादी आहे. मुंबईच्या हाफकिन संस्थेचे संचालक त्या यादीत जुन्या संहितेपासून आजतागायत कायम आहेत. ही यादी प्रयोगशाळेत बसून अहवाल देणाऱ्यांची आहे. घटनास्थळी नमुना उचलणारा तरुण त्यात नाही. अधिसूचना काढून अन्य तज्ज्ञांचा समावेश करण्याची मुभा सरकारला आहे, परंतु घटनास्थळी जाणाऱ्यांसाठी देशभर समान अशी किमान पात्रता कायद्याने ठरविलेली नाही. उद्या एखाद्या राज्याने तीन दिवसांचा वर्ग केलेल्या हवालदाराला तज्ज्ञ म्हणून पाठविले, तर संहितेच्या शब्दांचा भंग झाला असे म्हणणे कठीण जाईल.

पहिला पोहोचतो तो शिपाई

यातून हवालदाराला कमी लेखण्याचा हेतू नाही. उलट सर्वाधिक लक्ष त्याच्याकडे द्यायला हवे. तज्ज्ञाची गाडी कितीही सुसज्ज असली तरी तिच्या आधी घटनास्थळी पोहोचतो तो बीटवरचा शिपाई. गर्दी हटविणे, जखमीला रुग्णालयात हलविणे आणि पुरावा जपणे ही तिन्ही कामे त्याला एकट्याने, एकाच वेळी करावी लागतात. पोलीस संशोधन व विकास विभागाच्या कोलकाता, हैदराबाद, चंडीगड, गाझियाबाद, जयपूर येथील प्रशिक्षण संस्थांत तपास अधिकाऱ्यांचे वर्ग भरतात. नाशिकच्या महाराष्ट्र पोलीस अकादमीसारख्या राज्यांच्या संस्थाही आहेत. परंतु तेथे प्रामुख्याने फौजदार आणि त्यावरचे अधिकारी जातात. शिपायाच्या मूळ प्रशिक्षणात कवायतीला जेवढा वेळ मिळतो, त्याच्या तुलनेत घटनास्थळाच्या जपणुकीला मिळणारा वेळ नगण्य असतो.

सर्वोच्च न्यायालयाने प्रकाश सिंह खटल्यात २००६ मध्ये तपास आणि कायदा-सुव्यवस्था ही कामे वेगळी करण्याचा आदेश दिला होता. तो प्रामाणिकपणे पाळला गेला असता, तर आज प्रत्येक ठाण्यात तपासाचे स्वतंत्र मनुष्यबळ असते आणि विज्ञान शिकलेल्या पदवीधराला तेथे साहजिकच जागा मिळाली असती. प्रत्यक्षात सकाळी मंत्र्याच्या बंदोबस्ताला गेलेला तपास अधिकारीच संध्याकाळी पंचनामा लिहायला बसतो. कर्नाटकाने घटनास्थळासाठी ‘सीन ऑफ क्राइम ऑफिसर’ अशी वेगळी पदे निर्माण करून विज्ञान पदवीधरांची भरती केली, हा या बाबतीत अनुकरणीय अपवाद आहे. पदव्यांना पदाची जोड दिली की काय होऊ शकते, याचा तो नमुना आहे आणि त्यासाठी घटनादुरुस्ती करावी लागली नाही, हेही लक्षात घेण्याजोगे आहे.

तज्ज्ञाच्या स्वायत्ततेचा प्रश्नही येथेच उपस्थित होतो. गृहमंत्री शहा यांनी दोषसिद्धीचे प्रमाण ९० टक्क्यांपर्यंत नेण्याचे उद्दिष्ट वारंवार बोलून दाखविले आहे. उद्दिष्ट ठेवण्यात गैर काही नाही. मात्र विज्ञानाचे काम दोष सिद्ध करणे नसून काय घडले ते सांगणे आहे. संशयिताचा ठसा जुळत नाही, असे सांगणारा तज्ज्ञही तितकाच कर्तव्यनिष्ठ असतो. ज्याची नेमणूक, बढती आणि गोपनीय अहवाल पोलीस खात्याच्याच हाती आहेत, अशा पंचविशीतील पदवीधराला वरिष्ठ तपास अधिकाऱ्यासमोर असे सांगण्याचे बळ कोठून येणार? ब्रिटनने २०२१ मध्ये न्यायसहायक विज्ञानाच्या नियामकाला कायदेशीर अधिकार दिले. भारतात तशी यंत्रणा नाही. चुकीच्या नमुन्याची किंमत वर्षानुवर्षे तुरुंगात काढणारा निरपराध माणूस मोजतो आणि निसटलेल्या नमुन्याची किंमत फिर्यादी मोजतो. दोघेही बहुधा असेच असतात, की ज्यांना चांगला वकील परवडत नाही.

रिकाम्या बाकांची किंमत

या त्रुटी संसदेत वेळीच का निदर्शनास आल्या नाहीत? याचे उत्तर सत्ताधाऱ्यांना आणि विरोधकांनाही फारसे भूषणावह नाही. २२ सप्टेंबर २०२० रोजी राज्यसभेने न्यायसहायक विज्ञान विद्यापीठाचे विधेयक मंजूर केले, तेव्हा कृषी विधेयकांवरील गोंधळानंतर आठ खासदारांच्या निलंबनाच्या निषेधार्थ विरोधकांनी कामकाजावर बहिष्कार टाकला होता. त्या दिवशी काही तासांत सात विधेयके संमत झाली. नागरिक सुरक्षा संहिता लोकसभेत २० डिसेंबर २०२३ रोजी आणि राज्यसभेत दुसऱ्या दिवशी मंजूर झाली, तेव्हा दोन्ही सभागृहांतील शंभराहून अधिक विरोधी खासदार निलंबित होते. तज्ज्ञ घडविणारा कायदा आणि तज्ज्ञ बंधनकारक करणारा कायदा, असे दोन्ही जुळे कायदे जवळजवळ एकतर्फी चर्चेतून बाहेर पडले. पदे कोण भरणार, पगार कोण देणार आणि तज्ज्ञ कोणाला म्हणायचे, हे तीन प्रश्न विचारणारे कोणी सभागृहात असते, तर सरकारला त्यांची उत्तरे द्यावी लागली असती.

आता हे प्रश्न विचारले, तर गृह मंत्रालयाच्या लेखी उत्तराचे पहिले वाक्य ठरलेले आहे: पोलीस हा सातव्या अनुसूचीनुसार राज्यांचा विषय आहे. हे वाक्य घटनात्मकदृष्ट्या बिनचूक आहे. परंतु ज्या विषयात केंद्र पोलिसांच्या कामाची पद्धत, वेळ आणि चित्रीकरणाचे साधन ठरविते, त्या विषयात माणसांचा प्रश्न आला की राज्याकडे बोट दाखविणे राजकीयदृष्ट्या टिकणारे नाही. राज्येही निर्दोष नाहीत. प्रयोगशाळेच्या इमारतीची कोनशिला बसविण्यास प्रत्येक मुख्यमंत्री तत्पर असतो. पदांच्या मंजुरीची फाईल मात्र वित्त विभागात महिनोन्महिने अडते.

महाराष्ट्राला या बाबतीत पुढाकार घेण्याची संधी आहे. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे राज्याच्या न्यायसहायक विज्ञान संस्था आधीपासून पदवीधर घडवीत आहेत. पुण्यात केंद्रीय प्रयोगशाळा आहे, कलिन्यात राज्याच्या प्रयोगशाळांचे संचालनालय आहे आणि आता नागपूरला केंद्रीय विद्यापीठाचे संकुल आकार घेत आहे. गांधीनगर आणि दिल्लीच्या वसतिगृहांत राहून हा विषय शिकणाऱ्या मराठी मुलामुलींसमोर आज खासगी गुप्तहेर संस्था, विमा कंपन्या आणि बँकांचे सायबर विभाग हेच प्रमुख पर्याय दिसतात. ज्या कामासाठी देशाने त्यांच्यावर खर्च केला, ते काम त्यांना देणारे स्वतंत्र संवर्ग राज्याने निर्माण केले, तर दिल्लीलाही त्याची दखल घ्यावी लागेल.

केंद्राच्या हातीही तीन उपाय आहेत आणि त्यांपैकी कोणत्याही उपायासाठी राज्यांच्या अधिकारांवर अतिक्रमण करावे लागत नाही. फॉरेन्सिक तज्ज्ञाची व्याख्या आणि किमान पात्रता संहितेत दुरुस्ती करून घालता येईल. पायाभूत सुविधांच्या निधीबरोबरच घटनास्थळ तज्ज्ञांच्या पदांचा काही वर्षांचा खर्च उचलणारी, पण नियमित भरतीची अट घालणारी योजना आखता येईल. आणि कोणत्या राज्यात किती गुन्ह्यांच्या ठिकाणी तज्ज्ञ प्रत्यक्ष पोहोचला, याचे विवरण दरवर्षी संसदेच्या पटलावर ठेवता येईल. हा तिसरा उपाय सर्वांत कमी खर्चाचा आणि म्हणूनच बहुधा सर्वांत गैरसोयीचा ठरेल.

२०२९ मध्ये मुदत संपेल, त्याच वर्षी लोकसभेची सार्वत्रिक निवडणूकही अपेक्षित आहे. त्या वेळी सरकार किती संकुले उभी राहिली आणि किती विद्यार्थ्यांनी पदव्या घेतल्या, याचे आकडे अभिमानाने मांडेल. ते आकडे खरेही असतील. मतदाराने आणि त्याच्या प्रतिनिधीने विचारायचा आकडा निराळा आहे: या पदवीधरांपैकी किती जण पोलीस ठाण्यांच्या बोलावण्यावर घटनास्थळी जात आहेत?